‘फेम’: घाम मुलांचा, शाळा शहराची

१/
७ जानेवारी १९८२, गुरुवार. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘फेम’ ही नवी मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कमधील एका कलाशाळेतील मुले, त्यांचे शिक्षक, तालमी, भांडणे आणि प्रत्येक भागात नृत्य-संगीत. सुरुवातीच्या दृश्यात हातात काठी घेतलेली नृत्यशिक्षिका वर्गाला बजावत असे: प्रसिद्धी फुकट मिळत नाही, तिची किंमत इथे, याच वर्गात, घामाने चुकवावी लागते.

त्या पिढीतील असंख्य मुलांना हा इशारा पाठ झाला. पण त्यात एक गोष्ट अनुच्चारित राहिली. घाम मुलांचा होता हे खरे. पण ज्या शाळेत तो गाळायचा, त्या शाळेचा खर्च कोण करत होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मालिकेच्या पन्नास वर्षे मागे जावे लागते आणि चाळीस वर्षे पुढेही. 🧵

२/
प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ‘फेम’मधील शाळा ही लेखकाच्या कल्पनेतून जन्मलेली संस्था नव्हती. मॅनहॅटनमधील ४६व्या रस्त्यावर, नाट्यगृहांनी गजबजलेल्या भागात, ‘हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ ही शाळा खरोखर होती. परफॉर्मिंग आर्ट्स म्हणजे प्रयोगकला: नृत्य, नाट्य, संगीत.

आणि ती महागडी खासगी अकादमी नव्हती. आपल्याकडील महापालिकेच्या शाळेप्रमाणे ती शहराच्या करांवर चालणारी सार्वजनिक शाळा होती. शिक्षण मोफत होते. आत जायचे तर शुल्क नव्हे, ऑडिशन द्यावी लागे.

३/
या परंपरेचा आरंभ १९३६ चा. महामंदीने अमेरिका पोळली होती. न्यूयॉर्कचे महापौर होते फिओरेल्लो ला गार्डिया. स्थलांतरित कुटुंबातील या गृहस्थाचे वडील अमेरिकन सैन्यात बँडप्रमुख होते, त्यामुळे संगीत घरातच होते. ला गार्डिया यांच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट’ ही सार्वजनिक शाळा सुरू झाली. संगीत आणि चित्रकलेत गती असलेल्या मुलांना शालेय शिक्षणासोबत कलेचे गंभीर शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू.

लोक नोकरीसाठी रांगा लावत होते, त्या काळात एका शहराने व्हायोलिन आणि कुंचला यांच्यासाठी शाळा उघडली. कला ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, हा समज त्या निर्णयाला मान्य नव्हता.

४/
दुसरा धागा वेगळ्या दिशेने आला. फ्रँकलिन केलर हे ‘मेट्रोपॉलिटन व्होकेशनल हायस्कूल’चे मुख्याध्यापक होते. व्होकेशनल म्हणजे धंदेशिक्षण देणारी शाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी या शाळेची एक शाखा म्हणून प्रयोगकलांचे शिक्षण सुरू केले. पुढे तीच ‘हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ झाली.

इथे केलर यांची दृष्टी महत्त्वाची आहे. नाचणे, गाणे, अभिनय करणे हे त्यांच्या लेखी दैवी देणगीचे प्रदर्शन नव्हते. तो एक व्यवसाय होता. सुताराला जशी हत्यारे हाताळावी लागतात, तसे नर्तकाला शरीर आणि नटाला आवाज हाताळता यायला हवा. आणि जे काम शिकवता येते, ते शिकवण्याची जबाबदारी सार्वजनिक शाळेने का घेऊ नये?

५/
या शाळेचे वेळापत्रकच तिचे तत्त्वज्ञान सांगते. दिवसाचा साधारण अर्धा भाग कलेला आणि अर्धा गणित, इंग्रजी, इतिहास अशा नेहमीच्या विषयांना. उत्तम नाचता येते म्हणून इंग्रजीतून सुटका नसे.

मालिका पाहिलेल्यांना यात लेरॉय जॉन्सन आणि इंग्रजीच्या शिक्षिका मिस शेरवूड यांच्यातील संघर्ष आठवेल. तो पटकथेतील निव्वळ नाट्य नव्हता. कलाकार घडवायचा की शिकलेला नागरिक, हा ताण या शाळेच्या पायातच होता. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा भेटेल.

६/
या शाळेने काय साधले, हे समजण्यासाठी एकच नाव पुरे: आर्थर मिचेल. हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील हा मुलगा ‘परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये नृत्य शिकला. १९५५ मध्ये तो ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’मध्ये दाखल झाला आणि गोऱ्यांचीच मक्तेदारी मानल्या गेलेल्या या कलेत त्या संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, १९६९ मध्ये, त्याने ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे केले, आपल्याच वस्तीतील मुलांना बॅले शिकवण्यासाठी.

एका मोफत शाळेचे दार उघडे होते, म्हणून पुढे दुसरे दार उघडले गेले.

७/
१९६१ मध्ये शहराने ला गार्डियांची शाळा आणि केलर यांची शाळा कागदोपत्री एक केली. दोन्हींना एकाच नव्या इमारतीत आणायचे ठरले. ती इमारत उभी राहायला १९८४ साल उजाडले. मधली तेवीस वर्षे एका शाळेचे दोन संसार शहराच्या दोन टोकांना चालू होते. प्रयोगकलेचा विभाग ४६व्या रस्त्यावरील १८९० च्या दशकातल्या जुन्या वास्तूतच राहिला.

१९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने हेक्ट-कॅलांड्रा कायदा केला. विशेष शाळांमधील प्रवेश स्पर्धात्मक परीक्षेनेच व्हावा, असे त्यात ठरले. कलाशाळेसाठी मात्र लेखी परीक्षेऐवजी कलेच्या चाचणीला कायद्याने मान्यता मिळाली. ऑडिशन ही आता शाळेची प्रथा उरली नव्हती. तो राज्याचा कायदा झाला होता.

८/
मग १९७५ आले. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला सावरण्यासाठी केंद्राचा पैसा देण्यास जाहीर नकार दिला. नंतर दबावाखाली कर्जे मंजूर झाली. दरम्यान हजारो शिक्षकांना कामावरून कमी केले गेले. १९७६ मध्ये शहराच्या विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले मोफत शिक्षण बंद केले.

अशा कपातीत शाळांमधून सर्वांत आधी कोण जातो? गणिताचा शिक्षक नव्हे. संगीताचा, चित्रकलेचा, नृत्याचा शिक्षक जातो. न्यूयॉर्कच्या साध्या प्राथमिक शाळांतून कलाशिक्षण मोठ्या प्रमाणावर ओसरले, ते याच काळात.

९/
हा तपशील पुढच्या कथेसाठी कळीचा आहे. ४६व्या रस्त्यावरील शाळा टिकली. पण तिच्यापर्यंत मुलांना आणणाऱ्या खालच्या पायऱ्या ढासळल्या. ऑडिशन सर्वांना खुली होती. ऑडिशनची तयारी मात्र आता ज्याच्या घरी खासगी शिकवणीचे पैसे आहेत त्याला सोपी आणि इतरांना अवघड झाली.

नेमक्या याच काळात हॉलिवूडची नजर या शाळेकडे वळली.

१०/
निर्माते डेव्हिड डी सिल्वा यांना कल्पना सुचली, क्रिस्टोफर गोर यांनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनासाठी ब्रिटिश दिग्दर्शक ॲलन पार्कर आले. चित्रपटाचे मूळ नाव ‘हॉट लंच’ होते. त्याच नावाचा एक अश्लील चित्रपट आधीच पडद्यावर असल्याचे पार्कर यांच्या लक्षात आले आणि नाव बदलून ‘फेम’ झाले.

नावाचा हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही. ‘हॉट लंच’ म्हणजे शाळेच्या खानावळीतील गरम जेवण, सर्वांचे सामायिक जेवण. ‘फेम’ म्हणजे एकट्याची प्रसिद्धी. केलर यांनी व्यवसाय शिकवण्यासाठी काढलेली शाळा यापुढे जगाला प्रसिद्धीची शाळा म्हणून ओळखू येणार होती.

११/
शहराच्या शिक्षण मंडळाने पटकथा वाचली आणि शाळेत चित्रीकरण करण्यास परवानगी नाकारली. शिवराळ भाषा, अमली पदार्थ, लैंगिक प्रसंग हे सारे मंडळाला खटकले. पार्कर यांच्या आधीच्या ‘मिडनाइट एक्सप्रेस’ने तुर्कस्तानच्या तुरुंगांचे भीषण चित्र जगापुढे मांडले होते. तेच आपल्या शाळांच्या वाट्याला येईल, अशीही धास्ती होती.

पार्कर यांनी मार्ग काढला. आतील दृश्यांसाठी दहाव्या ॲव्हेन्यूवरील बंद पडलेले हारेन हायस्कूल वापरले. बाहेरच्या दर्शनी भागासाठी खऱ्या शाळेच्या समोरच असलेल्या सेंट मेरी द व्हर्जिन चर्चची एक बाजू. म्हणजे पडद्यावरील ‘फेम’ची शाळा ही खऱ्या शाळेकडे तोंड करून उभी असलेली खोटी शाळा होती.

१२/
मे १९८० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची रचना सरळ होती: आधी ऑडिशन, मग शाळेची चार वर्षे. नायक एक नाही, मुलांचा जथा.

ऑडिशनच्या भागातील एक प्रसंग सगळ्या चित्रपटाचे सार सांगतो. लेरॉय हा हार्लेमचा मुलगा एका मैत्रिणीला तिच्या नृत्याच्या ऑडिशनमध्ये साथ द्यायला येतो. परीक्षक मैत्रिणीला नाकारतात आणि त्यालाच निवडतात. त्याला ना शिक्षण, ना तयारी, ना पुरते वाचता येते. तरीही कोणीतरी त्याच्यातील सामर्थ्य ओळखते.

सार्वजनिक कलाशाळेचे समर्थन करण्यासाठी शेकडो अहवालांना जे साधले नसते, ते या काही मिनिटांनी साधले.

१३/
लेरॉयची भूमिका करणारा जीन अँथनी रे हा स्वतः हार्लेमचाच. तो खऱ्या ‘परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये शिकला होता, पण जेमतेम वर्षभर; तिथली शिस्त त्याला मानवली नाही आणि शाळा सुटली. पडद्यावर त्याला जी शाळा चार वर्षे सांभाळून घेते, तिने वास्तवात त्याला एका वर्षात बाहेर काढले होते.

पुढे मालिकेने त्याला जगभर ओळख दिली. २००३ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. प्रसिद्धी आणि सांभाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या आयुष्याने सर्वांत कठोरपणे दाखवले.

१४/
चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाले: मायकेल गोर यांच्या पार्श्वसंगीताला आणि शीर्षकगीताला. एकाच चित्रपटातील दोन गाण्यांना नामांकन मिळाले आणि ती दोन्ही आयरीन कॅराने गायलेली होती. एमजीएम कंपनीने हे यश दूरचित्रवाणीवर आणायचे ठरवले.

पण चित्रपटात जे चालले ते गुरुवारी रात्री आठ वाजता, कुटुंबासमवेत पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत चालणारे नव्हते. चित्रपटातील कोको चंदेरी जगाच्या आमिषाने एका ठकाच्या तावडीत सापडते. एक मुलगी गर्भपातापर्यंत पोहोचते. माँटगोमेरी आपण समलिंगी असल्याचे वर्गासमोर सांगतो. मालिकेत माँटगोमेरी आला, पण त्याचे ते सत्य आले नाही. जग उजळ झाले, धोके लहान झाले, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न पन्नास मिनिटांत सुटू लागला.

१५/
तरीही मालिकेला निव्वळ गोडगोड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. तिच्या पात्रांमागे खरी कला होती.

कोको झालेली एरिका गिंपेल निवडीच्या वेळी खरोखरच ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ची विद्यार्थिनी होती. चेलो वाजवणारी ज्यूली साकारणारी लोरी सिंगर ही ज्युलियार्डमध्ये शिकलेली चेलोवादक. आणि संगीताचे चिडखोर, जुन्या वळणाचे प्राध्यापक शोरोफ्स्की? ती भूमिका करणारे अल्बर्ट हेग हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. नाझी राजवटीपासून सुटून अमेरिकेत आलेले. ब्रॉडवेवरील ‘रेडहेड’ या संगीतिकेचे ते संगीतकार. तिला १९५९ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला होता.

१६/
पण मालिकेचा कणा होती डेबी ॲलन. चित्रपटात तिची भूमिका काही क्षणांची होती. मालिकेत ती लिडिया ग्रँट झाली, काठी आपटणारी नृत्यशिक्षिका. पडद्यामागे नृत्यदिग्दर्शनही तिचेच. आठवड्यागणिक नवी नृत्ये बसवणे, ती मुलांकडून करवून घेणे आणि त्याच भागात अभिनयही करणे, असा हा कारभार होता. नृत्यदिग्दर्शनासाठी तिला ‘फेम’ने दोनदा एमी पुरस्कार मिळवून दिला, अभिनयासाठी गोल्डन ग्लोबही मिळाला.

कृष्णवर्णीय स्त्री ही पडद्यावर ज्ञानाची आणि शिस्तीची अधिकारी म्हणून दर आठवड्याला दिसते, हे १९८२ च्या अमेरिकन दूरचित्रवाणीवर नेहमीचे दृश्य नव्हते.

१७/
डेबी ॲलनच्या त्या काठीमागे एक इतिहास होता. तिचा जन्म १९५० चा, टेक्सासमधील ह्यूस्टनचा. वर्णभेदाच्या त्या काळात, बारा वर्षांची असताना, शहरातील बॅलेच्या शाळेत तिला प्रवेश नाकारला गेला. दोन वर्षांनी तो मिळाला. पुढे नॉर्थ कॅरोलिनातील कलाशाळेनेही तिला परत पाठवले. कारण सांगितले गेले की तिचे शरीर बॅलेला योग्य नाही.

तेव्हा घामाने किंमत चुकवा, असे सांगणाऱ्या त्या बाईला ठाऊक होते की घाम पुरेसा नसतो. आधी कोणीतरी वर्गाचे दार उघडावे लागते. हे वाक्य लिडिया ग्रँटच्या तोंडी कधी आले नाही. डेबी ॲलनच्या आयुष्यात मात्र ते होते.

१८/
अमेरिकेत मालिकेचे कौतुक झाले. सर्वोत्कृष्ट संगीत-विनोदी मालिकेचा गोल्डन ग्लोब तिला सलग दोनदा मिळाला. प्रेक्षकसंख्या मात्र जमेना. त्याच वेळेला सीबीएस वाहिनीवर ‘मॅग्नम, पी.आय.’ ही लोकप्रिय गुप्तहेर मालिका चालू असे. शिवाय ‘फेम’ खर्चीक होती. साध्या मालिकेला संवाद पुरतात. हिला दर भागात नवी गाणी, वादक, नर्तक, तालमी लागत.

दोन हंगामांनंतर, १९८३ मध्ये, एनबीसीने मालिका बंद केली. कथा इथेच संपायची. पण तोवर समुद्रापलीकडे वेगळेच काही घडले होते.

१९/
जून १९८२ मध्ये बीबीसीने ‘फेम’ दाखवायला सुरुवात केली आणि ब्रिटनमध्ये तिचे वेड पसरले. आयरीन कॅराचे शीर्षकगीत मूळ प्रकाशनानंतर दोन वर्षांनी, जुलै १९८२ मध्ये, तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मालिकेतील गाण्यांचा ‘द किड्स फ्रॉम फेम’ हा अल्बम एकूण बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. कलाकारांचा चमू ब्रिटनच्या दौऱ्यावर आला; लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही कार्यक्रम झाला. लोकरीचे लेग वॉर्मर नर्तकांच्या पायांवरून शाळकरी मुलींच्या पायांवर आले.

अमेरिकेत मालिका मायदेशी तग धरू शकत नव्हती आणि परदेशात तिचे कलाकार तारे झाले होते.

२०/
हे नेमके १९८२ मध्येच का घडले असावे? त्या वर्षी जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. कारखाने बंद पडत होते. शाळा सोडणाऱ्या मुलांपुढे नोकरीची हमी उरली नव्हती.

अशा पिढीला ‘फेम’ने दोन गोष्टी दाखवल्या. कष्ट केले तर काहीतरी होता येते, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची: असे कष्ट करण्यासाठी एक शाळा असू शकते, जिथे कामगाराचा मुलगा आणि सुखवस्तू घरातली मुलगी एकाच आरशासमोर उभी राहतात. ब्रिटनमध्ये नामांकित नाट्य आणि नृत्यशाळा होत्या. शालेय वयातील मुलांसाठी, मोफत आणि सर्व प्रयोगकलांची, अशी शाळा नव्हती.

२१/
एनबीसीने सोडलेली मालिका १९८३ च्या शरद ऋतूत सिंडिकेशनच्या मार्गाने परत आली. म्हणजे राष्ट्रीय वाहिनीच्या मध्यस्थीशिवाय, निरनिराळ्या शहरांतील स्थानिक केंद्रांना थेट विकली गेली. एमजीएमसोबत एलबीएस कम्युनिकेशन्स ही वितरक कंपनी आणि मेट्रोमीडियाची केंद्रे यांनी हा घाट घातला. परदेशातील मागणीने त्याला बळ दिले.

अशा रीतीने आणखी चार हंगाम झाले. जॅनेट जॅक्सनसारखा चेहरा मधल्या काळात वर्षभर येऊन गेला. १८ मे १९८७ रोजी मालिका संपली तेव्हा १३६ भाग झाले होते. वाहिनीने नाकारलेली मालिका थेट केंद्रांना विकून वर्षानुवर्षे चालवता येते, हे ‘फेम’ने लवकर दाखवून दिले.

२२/
या सगळ्या काळात एक विसंगती कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा जप करणारी ही मालिका मुख्यतः कॅलिफोर्नियातील स्टुडिओत चित्रित होत होती. आणि १९८४ मध्ये खरी शाळा ४६व्या रस्त्यावरून निघून लिंकन सेंटरजवळील नव्या इमारतीत गेली. तेवीस वर्षांपूर्वीचा निर्णय अखेर अमलात आला. दोन शाळांची एक झाली आणि तिला ला गार्डियांचे नाव मिळाले.

१९८८ मध्ये जुन्या इमारतीत दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली आणि आतला भाग भस्मसात झाला. दर्शनी भिंत वाचली. पुढे तिथे जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या नावाची शाळा सुरू झाली. शाळेच्या जागी शाळाच उभी राहिली, दुकानांचे संकुल नव्हे, ही त्या भागात लहान गोष्ट नव्हती.

२३/
मालिकेच्या छायेत पुढे बरेच काही उगवले. स्पेनमध्ये २००२ ते २००५ या काळात ‘उन पासो आदेलान्ते’ ही माद्रिदमधील कलाशाळेची मालिका गाजली. ऑस्ट्रेलियात ‘डान्स अकॅडमी’ आली. अमेरिकेत निकलोडियनने २०१० मध्ये ‘व्हिक्टोरियस’ आणली. आरियाना ग्रान्डे हे नाव घरोघरी पोहोचले ते तिच्यातून. ऑडिशन, मत्सर, गच्चीवरची मैत्री, शेवटी रंगमंच: हा साचा ‘फेम’चाच.

पण पडद्यावरील या वंशावळीपेक्षा अधिक महत्त्वाचे फळ विटा-चुन्याचे होते.

२४/
मार्क फेदरस्टोन-विटी या ब्रिटिश शिक्षकाने ॲलन पार्कर यांचा ‘फेम’ चित्रपट पाहिला. अशी शाळा आपल्या देशात का नाही, हा प्रश्न त्यातूनच मनात आला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्या प्रयत्नांना ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाची साथ मिळाली, सरकारी योजनेचा आधार मिळाला. जून १९९० मध्ये नेबवर्थ येथे झालेल्या भव्य संगीत मैफलीच्या उत्पन्नातील वाटा या कामी आला.

१९९१ मध्ये लंडनच्या क्रॉयडन भागात ‘ब्रिट स्कूल’ उघडली: सरकारी पैशावर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेणारी कलाशाळा. एमी वाइनहाउस काही काळ तिथे होती. ॲडेल २००६ मध्ये तिथूनच बाहेर पडली.

२५/
याच फेदरस्टोन-विटी यांनी पुढे पॉल मॅकार्टनी यांच्यासोबत लिव्हरपूलमध्ये प्रयोगकलांची उच्च शिक्षणसंस्था उभी केली. १९९६ मध्ये ती सुरू झाली, मॅकार्टनी लहानपणी जिथे शिकले त्याच जुन्या, बंद पडलेल्या शाळेच्या वास्तूत.

डेबी ॲलनने २००१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची नृत्यशाळा काढली. ज्या मुलीला दोन शाळांनी परत पाठवले होते, तिने तिसरी बांधली.

न्यूयॉर्कच्या खऱ्या शाळेवरून चित्रपट झाला, चित्रपटावरून मालिका झाली आणि पडद्यावरच्या त्या स्वप्नातून समुद्रापलीकडे पुन्हा खरी शाळा झाली. कल्पित कथेतून संस्था जन्माला येण्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. हे त्यांपैकी एक.

२६/
आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या त्या ताणाकडे. २०१९ मध्ये ला गार्डिया शाळेतील शेकडो विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर येऊन इमारतीतच ठिय्या दिला. तक्रार होती ती प्रवेशाच्या आणि शिक्षणाच्या धोरणाबद्दल: कलेपेक्षा परीक्षेतील गुणांना अधिक वजन दिले जात आहे, असे मुलांचे म्हणणे होते.

वरवर पाहता लेरॉय आणि मिस शेरवूड यांचेच हे भांडण. पण आत वेगळा प्रश्न आहे. गुणांचा उंबरठा वाढवला तर वाचता न येणारा, पण नाचताना सगळ्यांना थिजवणारा लेरॉय दारातूनच परत जाईल. आणि उंबरठा केवळ कलेचा ठेवला, तरी लहानपणी शिकवणी न मिळालेला मुलगा शिकवणी मिळालेल्यांपुढे टिकेल का?

२७/
म्हणून ऑडिशन हा न्यायाचा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. पहिला टप्पा असतो साध्या प्राथमिक शाळेतील संगीताचा तास, भिंतीवर चित्र काढू देणारी बाई, गॅदरिंगसाठी नाच बसवणारे गुरुजी. १९७५ नंतर न्यूयॉर्कने ते शिक्षक गमावले. शिखरावरची एक नामांकित शाळा टिकली, पण पायथ्याकडून वर येणारी वाट अरुंद झाली.

‘फेम’ने शिखर फार सुंदर दाखवले. पायथा तिच्या चौकटीत बसला नाही. चित्रपटातील लेरॉय योगायोगाने त्या खोलीत आला होता. योगायोगावर एखादी पटकथा चालते, शहराचे शिक्षण चालत नाही.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या मालिकेकडे म्हणून दुहेरी नजरेने पाहावे. एका बाजूला ती व्यक्तीच्या जिद्दीची कथा आहे आणि त्यात खोटे काही नाही. नृत्य घामाशिवाय येत नाही, हे आर्थर मिचेलही सांगू शकला असता.

दुसऱ्या बाजूला ती एका सार्वजनिक निर्णयाची कथा आहे, जरी तिला ते नाव दिले गेले नाही. मंदीच्या वर्षी एका महापौराने घेतलेला निर्णय, एका मुख्याध्यापकाने नृत्याला दिलेला व्यवसायाचा दर्जा, एका कायद्याने राखलेली ऑडिशन, आणि शहरातील लाखो करदाते, ज्यांनी स्वतः कधी पायात घुंगरू किंवा बॅलेचे बूट बांधले नाहीत.

२९/
लिडिया ग्रँट वर्गाला सांगत होती की किंमत इथे चुकवावी लागते. तिचे म्हणणे खरे होते. फक्त त्या किमतीचा पहिला हप्ता मुले वर्गात येण्यापूर्वीच कोणीतरी भरलेला होता, आणि तो भरणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत येत नाहीत.

कोणत्याही शहराच्या अंदाजपत्रकात कलाशिक्षणाची ओळ शोधून पाहावी. बहुधा ती शेवटच्या पानांवर, छोट्या आकड्यात सापडते. पुढचा लेरॉय आत येणार की नाही, हे ऑडिशनच्या कितीतरी आधी त्या ओळीत ठरते.

(धागा समाप्त)